कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडे कोणाकडे आहे? (आमच्याकडे अबोला चालू आहे)

बिनमिठाचा_बाळ्या:

मंडळी, विषय म्हटला तर अगदीच फालतू आहे, पण कालपासून यावरून घरात अबोला आहे म्हणून लिहितोय. मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो, बायको रोज ऑफिसला जाते, आणि निघताना ती कुकर लावून चपला घालता घालता एक वाक्य फेकून जाते, "तीन झाल्या की बंद कर." बास. स्वयंपाकातलं माझं योगदान एवढंच. आणि तेवढंही मला जमत नाही असं आता एकमताने (बायको, आई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू) ठरलेलं आहे.

काल झालं असं की साडेनऊचा कॉल चालू होता, मी म्यूटवर. पहिली शिट्टी झाली, मोजली. मग तिकडून मला काहीतरी विचारलं, मी अनम्यूट केलं आणि नेमकी तेव्हाच दुसरी. समोरच्या गोऱ्याने विचारलं, ही ट्रेन आहे का? मी म्हटलं हो हो, स्टेशन जवळच आहे. राहतो कर्वेनगरात! मग बोलता बोलता तिसरी झाली, मी कॅमेऱ्यातून अर्धा बाहेर जाऊन गॅस बंद करून आलो आणि स्वतःवर खूश होऊन कामाला लागलो.

दुपारी मुलगी शाळेतून आली, वरणभात वाढला, तर डाळ दाताखाली कचकच. तिने लगेच फोन करून आईला बातमी दिली, "बाबाने खडे शिजवलेत." मग संध्याकाळी चौकशी समिती बसली आणि निष्कर्ष असा निघाला की त्या तीनातली एक शिट्टी समोरच्या फ्लॅटची होती, कारण दोघांची स्वयंपाकघरं एकाच डक्टला लागून आहेत. यावर बायको काय म्हणाली माहितीये? "आठ वर्षं झाली, तुला आपल्या कुकरचा आवाज ओळखता येत नाही?" मला खरंच लागलं ते. आता तुम्हीच सांगा, तुमच्याकडे कोण मोजतं, कसं मोजतं, आणि आपला कुकर खरंच आवाजावरून ओळखता येतो का?

हिंगाची_डबी:

येतो की! आमचा मोठा कुकर आधी दोनदा थुंकल्यासारखं करतो आणि मग वाजतो, छोटा एकदम किंचाळतो. आईकडचा तर शिट्टी द्यायच्या आधी सुस्कारा टाकायचा, बाबा म्हणायचे अगदी हिच्यासारखाच आहे, आणि मग त्या दिवशी त्यांना ताक मिळायचं नाही.

मोजण्याचं म्हणाल तर मी ओट्यावर तीन शेंगदाणे ठेवते. एक शिट्टी झाली की एक खायचा, संपले की गॅस बंद, डोक्याला ताप नाही. पद्धत उत्तम आहे, अडचण फक्त सासऱ्यांची. पाणी प्यायला म्हणून येतात आणि जाता जाता तिन्ही तोंडात टाकतात. मग मी येऊन बघते, शेंगदाणे नाहीत म्हणजे झालंच असणार, बंद करते, आणि पानात येतो चिवट राजमा. एकदा मेथीदाणे ठेवून बघितले, तेही खाल्ले, वर म्हणाले शुगरला चांगले असतात.

तिरसट_आजोबा:

शिट्ट्या मोजणं हीच मुळात चूक आहे. चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलरजवळ काढली आहेत म्हणून अधिकाराने सांगतो, रागावू नका.

शिट्टी म्हणजे डाळ शिजल्याची पावती नव्हे, आतली जास्तीची वाफ बाहेर पडली एवढाच त्याचा अर्थ. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 1 किलो दर चौरस सेंटीमीटर इतका दाब जास्त असतो, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि म्हणून डाळ लवकर शिजते. वजन एकदा उचललं गेलं की त्यापुढे गॅस कितीही मोठा ठेवा, आतलं तापमान काही वाढत नाही, फक्त वाफ वाया जाते आणि शिट्ट्या धडाधड होतात. मोठ्या गॅसवर चार मिनिटांत तीन होतील, बारीक गॅसवर पंधरा मिनिटांत एकही होणार नाही, आणि डाळ मात्र बारीक गॅसवरचीच छान शिजलेली असेल. तेव्हा पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि घड्याळ लावायचं. भिजवलेल्या तुरीला आमच्याकडे दहा मिनिटं पुरतात. कुकरबरोबर जी पुस्तिका येते तिच्यातही मिनिटंच दिलेली असतात, पण ती आपण न वाचता वॉरंटी कार्डासकट लॉफ्टवर टाकतो.

आणि झाकण लावायच्या आधी वाफेच्या नळीतून उजेड दिसतो का ते बघत जा, डाळीचा फेस वाळून ती बुजते. 1679 साली पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने हाडं मऊ करायला पहिला असला कुकर केला तेव्हासुद्धा त्याला सेफ्टी व्हॉल्व्हचं महत्त्व कळलं होतं, आपल्याला अजून छताला वरण लागल्याशिवाय कळत नाही.

हिंगाची_डबी:

आजोबा, पण सासऱ्यांचं काय करू ते सांगा ना.

तिरसट_आजोबा:

खारे शेंगदाणे ठेवू नका. बाकी त्यांची बाजू मला पटते.

मांजराकाठचा:

आजोबांचं सगळं बरोबर आहे पण पाण्याचं राहिलं. आम्ही लातूरकर, तुरीच्या राजधानीत राहतो आणि आमच्याच घरी डाळ शिजत नाही, सांगायची लाज वाटते. बोअरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरा थर बसतो, त्यातलं कॅल्शियम डाळीत जाऊन बसतं आणि मग पाच शिट्ट्या करा नाहीतर पंधरा, दाणा आपला जसाच्या तसा. त्यातून डाळ जुनी असली किंवा कोणी आधीच चिंच, टोमॅटो घालून ठेवलं तर विषयच संपला. म्हणून आई चिमूटभर सोडा टाकते, आणि बायको म्हणते सोड्याने चव जाते, त्यामुळे आमच्याकडे डाळ शिजायच्या आधी भांडण शिजतं.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं आमच्याकडे, आठवत असेल सगळ्यांना. दिवस वाईट होते, घागरी रांगेत लावून लोक रात्र रात्र बसायचे. पण एक सांगतो, त्यातलं थोडं पाणी आमच्या वाट्याला आलं तेव्हा आईने आधी पिण्याचं बाजूला काढलं आणि तांब्याभर वरणाला घेतलं. तिसऱ्या शिट्टीला डाळ अशी लोण्यासारखी मऊ झाली की रवी फिरवायची गरज पडली नाही. वडील दोन वाट्या वरण नुसतंच प्यायले आणि म्हणाले, "मिरजेची मुलगी बघायला पाहिजे होती."

आई समोरच होती. माहेर उदगीर.

एडिसनची_सून:

हसून हसून मेले, उदगीर!

आमच्याकडे न्यू जर्सीत उलटाच प्रकार. माझ्याकडे विजेवर चालणारा कुकर आहे, बटण दाबलं की झालं, शिट्टीच नाही. गेल्या वर्षी सासूबाई आल्या सहा महिन्यांसाठी. पहिल्याच दिवशी मी ऑफिसला जाताना सांगितलं, आई वरणभात लावलाय, झाला की जेवून घ्या. दुपारी दोनला फोन केला तर या आपल्या खुर्ची टाकून कुकरसमोर बसलेल्या. "अगं अजून एकही शिट्टी नाही झाली." मी म्हटलं आई, तो वाजत नाही, बारीक पिंपिं करतो फक्त. तर म्हणाल्या, "ते होय, ते मी तुमच्या मायक्रोवेव्हचं समजून त्याचं दार तीनदा उघडून बघितलं."

मग दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅगेतून स्वतःचा तीन लिटरचा काढला! तो आणलाय हे मला माहीतच नव्हतं, त्याच्या पोटात मेतकूट, गोडा मसाला आणि कुरडया भरून आणला होता. लावला. पहिली शिट्टी झाली तेव्हा खरं सांगू का, मी लॅपटॉपवर काम करत होते आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं, शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या शिट्टीला खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, एव्हरीथिंग ओके? म्हणून. सासूबाईंनी त्यांना आत बसवून वरणभात, तूप, लिंबू दिलं. आता त्या बाई मलाच विचारतात की ती शिट्टीवाली आमटी परत कधी.

संत्रानगरी_एक्सप्रेस:

आमच्या नागपूरकडची ऐका. वहिनी लखनौची, लग्न होऊन आठ दिवस झालेले. आई बाहेर अंगणात वाळवण घालत होती, तिथूनच ओरडली, "अगं कुकर पडला का बघ!" वहिनीला मराठी नवीन, तिला 'पडला' एवढंच समजलं. ती बिचारी धावत स्वयंपाकघरात, कुकर तर ओट्यावर व्यवस्थित उभा. बाहेर येऊन म्हणते, "नहीं मम्मीजी, गिरा नहीं." आई म्हणते, "अजून नाही पडला? काऊन बाप्पा, अर्धा तास झाला." पाच मिनिटांनी परत, "आता पडला का?" परत ती पळाली, परत नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर वहिनीला वाटलं की या घरची काही रीत असेल, नव्या सुनेने कुकर पाडायचा असतो. तिने दादाला मेसेज केला, कितनी ऊपर से गिराना है.

दादा मीटिंगमध्ये होता, त्याने घाईत 'जैसा मम्मी बोले' असं लिहिलं.

पुढचं सांगत नाही. फरशीला पोचा पडला आहे, आईने त्यावर पायपुसणं टाकलंय.

धुक्यातला_आंबोलीकर:

समोरच्या फ्लॅटच्या शिट्टीचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे पक्षी आहे. तो लांब दोन पिसांच्या शेपटीचा भृंगराज, कोतवालाचा भाऊ, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. आमच्या मागच्या फणसावर एक येतो, त्याने कुकरची शिट्टी उचलली आहे. आई दोन मोजते, तिसरी तो देतो, आई गॅस बंद करते. पावसाळ्यात सगळं दमट, आधीच काही शिजत नाही, त्यात हा.

तिरसट_आजोबा:

भृंगराज नकला करतो हे मान्य. पण कुकर?

धुक्यातला_आंबोलीकर:

आजोबा, या एकदा. पण जेवून या.

बिनमिठाचा_बाळ्या:

मंडळी, अपडेट द्यायला आलोय. आजोबांचं ऐकलं. आज डाळ तासभर भिजवली, पाणी मोजून घातलं, हिंग-हळद-तेलाचा थेंब, सगळं अगदी पद्धतशीर, नळीतून उजेडसुद्धा बघितला. कॉल आधीच साडेदहाला ढकलला. पहिली शिट्टी झाली, लगेच गॅस बारीक केला, मोबाईलवर दहा मिनिटं लावली, टिंग झाल्यावर बंद. बायकोला मेसेजही टाकला की यापुढे शिट्ट्या मोजायच्या नाहीत, शास्त्र वेगळं आहे, रात्री समजावतो.

दुपारी झाकण काढायला गेलो तर ते इतकं सहज निघालं की मला आधी आनंदच झाला. आत डाळ परवासारखीच, किंबहुना थोडी जास्तच बाणेदार. काही केल्या कळेना. मग हात धुवायला वळलो तेव्हा भांड्यांच्या जाळीत, चहाच्या गाळणीखाली, आमची शिट्टी दिसली. ती लावलीच नव्हती. पहिली शिट्टी जी मी ऐकली ती समोरच्यांची.

म्हणजे त्यांच्या कुकरच्या शिट्टीवर मी माझा गॅस बारीक केला.

बायकोला फोटो पाठवला, जाळीसकट. तिचा फोन आला, बोलता येईना तिला, नुसती हसत होती, मागून ऑफिसमधल्या दोघीतिघी पण हसत होत्या, म्हणजे तिथेही चौकशी समिती आहे. तर अबोला सुटला. संध्याकाळी समोरच्या काकूंकडून वाटीभर वरण आलं, तेही तिने सांगितलं म्हणून. मऊ होतं एकदम. उद्यापासून शेंगदाणे मुलीच्या ताब्यात आणि शिट्टी लावली का हेही तीच बघणार.

तिरसट_आजोबा:

पुस्तिका लॉफ्टवरून काढा.

हिंगाची_डबी:

मुलीला पाच शेंगदाणे द्या हो, दोन तिचे म्हणून. नाहीतर परवापासून तुमच्याकडे एकाच शिट्टीत शिजायला लागेल.