मदत हवी आहे: दहा वर्षांच्या मुलाला काय सांगू?

जय ख्रिस्त. मी मिरजेची, संडेस्कूलमध्ये शिकवते. गेल्या रविवारी बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय घेतला. देवाने निर्मिती पाहिली आणि ती चांगली आहे असे त्याला दिसले, हे त्यात सात वेळा येतं. शेवटी तर 'फार चांगले'. मुलांनी बोटांवर मोजलं.

तेवढ्यात तासगावकडचा एक मुलगा म्हणाला, "टीचर, पाऊस पण देवानंच केला ना? मग आमची बाग का गेली?" काढणीला आलेली द्राक्षं, अवकाळीनं मणी तडकले. त्यानं तडकलेला एक घड पिशवीतून आणला होता. मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करायला ठेवलं, असं आहे. मशागत त्याला घरीच कळते, म्हणून तिथून सुरुवात करावी असं वाटतं. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात सारी सृष्टी कण्हते, तेही खरंच. पण दहा वर्षांच्या पोराला ते कसं पोचवायचं? 'देवाची इच्छा' म्हणून त्याला गप्प करणं मला पटत नाही.

कुणी मुलांशी यावर बोललं असेल तर रविवारच्या आत सांगा. शेतकरी पालकांनी तर नक्कीच.