जिन्यातला धूर आणि वॉचमनचा खोकला

सी विंग (फक्त रहिवासी) – शनिवार

पाटील वहिनी ४०१ (रात्री ८:४२)
चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधल्या जिन्यात परत कुणीतरी सिगारेट ओढून थोटूक माझ्या कुंडीत खोचलंय. पिल्लूला कडेवर घेऊन चढत होते, नाकात धुराचा भपकारा. त्याचा कान पुन्हा फुटलाय. नाव घेत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

सेक्रेटरी १०१ (८:४५)
सर्वांना नम्र विनंती, कितव्यांदा ते विचारू नका 🙏

रोहन ५०२ (८:५१)
वहिनी, तो मीच. एवढं फिरवून कशाला बोलता. थोटूक उचलतो. पण कानाचा आणि माझ्या सिगारेटचा काय संबंध? कान जंतूंनी फुटतो ना?

माने ताई २०१ (८:५८)
जंतूंनीच फुटतो. पण जंतूला आत बस्तान बसवायला कुणीतरी मदत करावी लागते. घशाच्या मागून कानाकडे एक बारीक नळी जाते. धुरानं तिचं अस्तर सुजतं, कानातलं पाणी खाली उतरत नाही, तुंबतं. मग जंतूंचं फावतं. लहान मुलांत ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून त्यांचे कान जास्त.

आता, जिन्यातल्या एका सिगारेटनं पिल्लूचा कान फुटला असं मी म्हणणार नाही. ज्या घरात रोज ओढलं जातं त्या घरातल्या मुलांना कानाचे आजार, ब्राँकायटिस, न्यूमोनिया जास्त होतात, हे मात्र पक्कं आहे. तुलाही एक दिवस मूल होईल बाबा.

रोहन ५०२ (९:०३)
म्हणून तर घरात ओढत नाही, जिन्यात येतो 😄 आणि फुप्फुस माझं आहे. कॅन्सर झालाच तर साठीनंतर बघू.
खरं सांगू? माझ्या धुरापेक्षा खाली बसणाऱ्या वॉचमनचा खोकला जास्त डेंजर आहे. किती दिवस ठणठण खोकतोय. टीबी असला तर? सेक्रेटरी, एजन्सीला सांगून माणूस बदलून घ्या.

शेलार मामा १०४ (९:०५)
बरोबर आहे. लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये.

पाटील वहिनी ४०१ (९:०६)
मलाही भीती वाटते खरं तर. रोज तोच पिल्लूचा गाल ओढतो.

सेक्रेटरी १०१ (९:०७)
सोमवारी एजन्सीला फोन करतो.

माने ताई २०१ (९:१६)
थांबा. कुणी कुणाला फोन करायचा नाही.
एक, कुणाचा आजार असा ग्रुपवर चघळायचा नाही. त्याचा भाऊ डी विंगला ड्युटीला आहे, उद्या सकाळपर्यंत चाळीस घरांत बातमी. दोन, टीबी आहे हे ठरवलं कुणी? दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायची, इतकंच. मी उभी नोकरी टीबी हेल्थ व्हिजिटर म्हणून केली. खोकतो म्हणून काढलेला माणूस दुसऱ्या बिल्डिंगमध्ये खोकतो, आणि तिथे तो खोकला लपवतो.

तीन, रोहन, टीबीचं नाव तू काढलंस म्हणून सांगते. या विंगमध्ये टीबीला दार उघडून बसलेला कोण असेल तर तू.

रोहन ५०२ (९:१८)
मी?? मी जिमला जातो ताई.

माने ताई २०१ (९:२९)
जा की. टीबीचा जंतू आपल्याकडे खूप लोकांच्या अंगात असतो, माझ्याही असेल. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, तो दाबलेला राहतो. शंभरात पाच-दहा जणांत उठतो. तो कशानं उठतो, तर कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू. आणि त्याच यादीत विडी-सिगारेट. ओढणाऱ्याला टीबी होण्याचा धोका न ओढणाऱ्याच्या दुपटीहून जास्त. बरा झाल्यावर उलटण्याचाही जास्त.

कारण ऐक. श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात. ते सारखे हलत राहतात आणि कफात अडकलेली घाण वर ढकलतात. धुरानं ते सुस्त पडतात. म्हणून ओढणाऱ्याला सकाळी उठून खाकरावं लागतं. त्यातूनही जंतू खाली पोचला, तर फुप्फुसात मोठ्या पेशी असतात, जंतूला गिळणाऱ्या. त्या तुझ्या धुरातले कणही गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. पोट फुगलेली पेशी लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसासारखी जागची हलत नाही. जंतू पलीकडे वाढत बसतो. हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या ललिता रामकृष्णन यांच्या गटानं झेब्राफिश माशांत दाखवलं आणि ओढणाऱ्या माणसांच्या फुप्फुसातल्या पेशींतही पाहिलं. मूळच्या आपल्या बडोद्याला डॉक्टरकी शिकलेल्या बाई.

शेलार मामा १०४ (९:३३)
सिगारेटच्या कागदात केमिकल असतं. विडीत टेंभुर्णीचं पान, नैसर्गिक. आमचे वडील नव्वदीपर्यंत ओढत होते.

सबनीस काका ३०३ (९:४१)
मामा, तुमचे वडील नव्वदीला पोचले, त्यांच्याबरोबर विडी ओढणारे जे पन्नाशीत गेले ते हा मेसेज लिहायला नाहीत. हा हिशेब नेहमी असाच एकतर्फी लागतो.

विडीचा आकडा आहे. तमिळनाडूत ४३ हजार मृत पुरुषांच्या घरी जाऊन विचारलं, हे ओढत होते का. तोच प्रश्न ३५ हजार जिवंत पुरुषांबाबत. २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ओढणाऱ्यांत टीबीनं मरण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट, शहरात आणि खेड्यातही. खेड्यात तर विडीच जास्त. संशोधकांचा निष्कर्ष असा की भारतातल्या पुरुषांच्या टीबी मृत्यूंपैकी निम्म्यांमागे धूम्रपान आहे. पाश्चात्त्य देशांत सिगारेट म्हटलं की कॅन्सर आणि हार्ट अटॅक. आपल्याकडे त्याच्या जोडीला टीबी. आणि हे बहुतेक पुरुष कर्त्या वयातले, रोहन. साठीची वाट बघायची गरज नाही.

रोहन ५०२ (९:४६)
काका, चौपट-बिपट ठीक आहे. पण कोविडमध्ये काय झालं होतं आठवा. हॉस्पिटलात सिगारेटवाले कमी भरती होते! फ्रान्समध्ये निकोटिनच्या पट्ट्यांवर लोक तुटून पडले, सरकारला विक्रीवर मर्यादा घालावी लागली. तेही सायन्सच होतं ना? आज एक, उद्या दुसरं.

तन्वी ३०३ (९:४८)
रोहनदादा तू गेलास. आजोबा चष्मा पुसतायत.

सबनीस काका ३०३ (१०:०४)
प्रश्न उत्तम आहे. ही गोष्ट मला मागच्या वर्षीपर्यंत उलगडली नसती. बँकेत जन्म घालवला, टक्केवारी म्हणजे व्याज एवढंच माहीत.

बघ. दवाखान्यात माणूस दम लागलेला, ऑक्सिजनवर. कोण विचारतंय सिगारेट ओढता का? कागदावरचा रकाना कोरा. पुढे मोजताना काही ठिकाणी कोरा रकाना म्हणजे 'ओढत नाही' असं धरलं. शिवाय आजारी पडल्यावर आठवडाभर आधी सोडलेला माणूसही न ओढणाऱ्यांत जमा.

आता दुसरी गंमत. तेव्हा टेस्ट कुणाची व्हायची? ज्याला लक्षणं त्याची, किंवा जो हॉस्पिटलात काम करतो त्याची. सिगारेटवाल्याला खोकला कायमच, म्हणून तो टेस्टला जातो आणि निगेटिव्ह निघतो. म्हणजे टेस्ट केलेल्यांत ओढणारे भरपूर, पण पॉझिटिव्ह कमी. झालं, सिगारेटनं वाचवलं! प्रत्यक्षात वाचवलं कुणी नाही, चाळणीच वाकडी होती. ज्यांच्यापर्यंत आपण पोचलो फक्त त्यांनाच मोजलं की असं होतं. पुढे अभ्यास नीट झाले तेव्हा ओढणाऱ्यांचा आजार जास्त गंभीर होतो हेच दिसलं.

आणि चाळणी सरळ असली की काय दिसतं तेही सांगतो. १९७८ मध्ये इस्रायलच्या लष्कराच्या एका तुकडीत फ्लूची साथ आली. ३३६ तरुण, एकच छावणी, एकच जेवण. न ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना फ्लू झाला, ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना. तुझ्याहून धट्टीकट्टी पोरं होती ती.

नाईक ३०१ (१०:०७)
काका तुम्ही हे सगळं कुठून काढता? मी तर फॉरवर्ड वाचूनच दमतो.

तन्वी ३०३ (१०:०९)
'स्वयम्' या ऑनलाइन पोर्टलवर संख्याशास्त्राचा कोर्स करतायत. सरकारी आहे, शिकायला फुकट. परीक्षेला फी भरली, सेंटरवर सगळी कॉलेजची मुलं आणि मध्ये आजोबा टिफिन घेऊन. पहिल्या असाइनमेंटला मी मदत केली. आता माझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलमधल्या चुका काढतात, घरात राहणं अवघड झालंय.

सबनीस काका ३०३ (१०:२१)
चुका होत्या म्हणून काढल्या.
नाईक, कोर्समध्येच एका माणसाची गाठ पडली. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. जन्म १८९७. डॉक्टर व्हायचं होतं, पहिल्या महायुद्धात वैमानिक झाला, तिथे टीबी झाला. तेव्हा औषध नव्हतं, नुसतं पडून राहायचं. डॉक्टरकी हुकली. पडल्या पडल्या पोस्टानं अभ्यास करून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली, मग संख्याशास्त्राकडे वळला. पुढे टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी त्यानं आखून दिली, कुणाला औषध द्यायचं ते चिठ्ठ्यांसारखं ठरवून. १९४८ मध्ये छापली. आज बहुतेक नवी औषधं याच रीतीनं पारखतात. आणि दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, रिचर्ड डॉलबरोबर सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांची सांगड त्यानंच दाखवली. टीबी आणि सिगारेट, दोन्ही एकाच माणसाच्या वहीत. आणि वैद्यकीची पदवी नाही!

डॉल स्वतः ओढायचा. आपलेच आकडे बघून सोडली. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली, ४० हजारांहून जास्त जणांनी उत्तरं दिली, आणि त्यांचा माग ५० वर्षं ठेवला. २००४ मध्ये शेवटचा मोठा अहवाल आला तेव्हा डॉल ९१ वर्षांचा, अजून कामावर. मी तर बहात्तरचा आहे.

नाईक ३०१ (१०:२४)
🙏🙏 लिंक टाका काका. मला हिशेब नको, गाण्याचं काही आहे का तिथे ते बघतो.

पाटील वहिनी ४०१ (१०:२६)
काका ग्रेट. पण ताई, वॉचमनचं काय? उद्या सकाळी मी मुलाला घेऊन त्याच्यासमोरून जाऊ की नको?

माने ताई २०१ (१०:४०)
जा. तपासणी होईपर्यंत गाल ओढू देऊ नकोस, त्याला मास्क दे, आणि खाली बसायची ती कोंदट केबिन आहे तिची खिडकी आधी उघडा. पेंटचे डबे ठेवून बंद केली आहे कमिटीनं. सेक्रेटरी, हे तुमच्याकडे. टीबी हवेतून पसरतो, बंद जागेत जास्त.

मी सोमवारी सकाळी त्याला पालिकेच्या दवाखान्यात नेते. बोलले मघाशी त्याच्याशी. तपासणी फुकट, औषधं फुकट. निघालाच तर सहा महिने गोळ्या, आणि आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते. योग्य औषध सुरू झालं की बहुतेकांचा संसर्ग पसरवण्याचा जोर काही आठवड्यांतच उतरतो.

आम्ही शिकलो तेव्हा काचेवर थुंकी पसरून दुर्बिणीखाली बघायची, गोळ्या आठवड्यातून तीनदा, आमच्यासमोर गिळायच्या. मी शेकडो लोकांना घोकून सांगितलं, तीनदाच. मग २०१७ मध्ये नियम आला, रोज. लोक म्हणायचे ताई तुम्हीच तर सांगत होता. परत ट्रेनिंग, परत परीक्षा. मग मशीन आली, तासा-दोन तासांत जंतू आहे की नाही आणि मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही सांगणारी.

नाईक ३०१ (१०:४२)
त्यातलं ट्रूनॅट आमच्या गोव्याच्या कंपनीचं! बॅटरीवर चालतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मान्यता दिली. आमची फक्त फेणी नाही हो 😎

शेलार मामा १०४ (१०:४५)
पण ताई, तरी त्याला सहा महिने गावी पाठवलेलं बरं ना? पगार देऊ हवं तर अर्धा.

माने ताई २०१ (१०:५७)
मामा, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याचं उत्तर आपल्याच देशात मिळालंय. पूर्वी टीबी म्हटलं की सॅनेटोरियम, म्हणजे टीबीचा खास दवाखाना. मिरजेला पाठवा, घरापासून लांब. १९५६ मध्ये मद्रासला अभ्यास सुरू केला. निम्म्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, खाणंपिणं उत्तम, विश्रांती. बाकीच्यांना त्यांच्याच एका खोलीच्या गर्दीच्या घरात राहू दिलं, औषध तेवढं तेच. १९५९ ला निकाल. घरचे जवळजवळ तितकेच बरे झाले. सॅनेटोरियमं रिकामी व्हायला सुरुवात तिथून झाली, जगभर.

गावी पाठवलं तर गोळ्या कोण बघणार? अर्धा पगार बंद होईल, गोळ्या अर्ध्यावर सुटतील. मग औषधाला न जुमानणारा टीबी. तो घेऊन परत कुठल्या तरी गेटवर बसेल.

सेक्रेटरी १०१ (११:०२)
एजन्सीचा फोन रद्द. पेंटचे डबे उद्या गच्चीवर. खिडकीला जाळी पाहिजे का?

माने ताई २०१ (११:०३)
डास आहेत, लावा.

रोहन ५०२ (११:०९)
ताई, तो पण विडी ओढतो. कधी कधी आम्ही दोघं मागे उभे असतो. त्याला सोडायला सांगणार असाल तर कसं सांगणार? म्हणजे असंच विचारतोय.

माने ताई २०१ (११:१८)
असंच सांगते. सिगारेटच्या पाकिटावर नंबर असतो, १८००-११-२३५६. फुकट आहे, माणूस बोलतो. निकोटिनचं च्युइंगम, पट्ट्या मिळतात, गरज पडली तर डॉक्टर गोळ्या देतात. पहिले काही दिवस चिडचिड, झोप नाही, आणि खोकला उलट वाढल्यासारखा वाटतो कारण श्वासनळीतले ते सूक्ष्म केस परत कामाला लागतात. तिथेच लोक हार मानतात. सोमवारी आठ वाजता निघतोय आम्ही. तुझ्या गाडीत जागा आहे का?

रोहन ५०२ (११:२१)
साडेदहाला मीटिंग आहे. सोडतो तुम्हाला. बाकी बघू.

सबनीस काका ३०३ (११:२६)
ताई, त्या मद्रासच्या अभ्यासात एक अडकलंय. रुग्ण बरे झाले ते ठीक, पण घरच्यांचं काय? त्यांना किती काळ पाहिलं? वर्षभर पाहून भागणार नाही.

माने ताई २०१ (११:३१)
पाच वर्षं पाहिलं. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात टीबी जास्त निघाला नाही. उद्या चारला या चहाला, तन्वीलाही आणा. त्या पेपरात एक तक्ता आहे, तो मलाही धड लागत नाहीये.