बियोंदी-सांतीची २००४ ची ब्रुनेल्लो (इटलीची लाल वाईन) हाती आली आहे. उघडू की ठेवू?

अर्धाकप:
नमस्कार मंडळी. सिएनात राहायला येऊन तीन वर्षं झाली. जेवताना पेलाभर वाईन घेते, त्यापलीकडे मला त्यातलं फारसं कळत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी आता लेकीकडे राहायला गेल्या. जाताना तळघरातली एक बाटली माझ्या हातात ठेवली. "ह्यांची होती. मला डॉक्टरांनी बंद केली आहे," एवढंच म्हणाल्या. लेबलवर ब्रुनेल्लो दि मोन्ताल्चीनो, २००४, बियोंदी-सांती, तेनुता ग्रेप्पो असं आहे. मी आपली ती स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली होती. किंमत शोधून पाहिली आणि मुकाट्याने कपाटात नेऊन आडवी केली.

वीस वर्षं उलटून गेली, आत व्हिनेगर तर झालं नसेल? मानेजवळ उजेडात धरली की रंग अगदी फिका, विटकरीकडे झुकलेला दिसतो. आणि या घराण्याचं एवढं काय आहे? ऑफिसातला सहकारी नाव ऐकून खुर्चीतून उठलाच.

बूचवाला:
ताई, पहिली गोष्ट, तेलाशेजारचे दिवस विसरा. त्याने काही बिघडलं नसणार.

मी फ्लोरेन्समध्ये बावीस वर्षं हॉटेलांत वाईन वाढली, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो. रंगाची काळजी सोडा. ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझे द्राक्षाची, आणि या द्राक्षाला मुळातच गडद रंग नाही. वयाबरोबर कडा विटकरी होतेच. २००४ ची ब्रुनेल्लो काळीभोर दिसली असती, तर मात्र मी भुवया उंचावल्या असत्या. २००८ साली सिएनाच्या सरकारी वकिलांनी मोन्ताल्चीनो गावातल्या काही ब्रुनेल्लो उत्पादकांची चौकशी लावली होती. संशय असा की ब्रुनेल्लोत दुसरी द्राक्षं मिसळली जातात. बाजाराला गडद, मऊ वाईन हवी होती, त्यातून उद्भवलेलं ते प्रकरण. ग्रेप्पोची, म्हणजे बियोंदी-सांतींच्या मळ्याची, वाईन त्या मागणीच्या बरोबर उलट टोकाला, फिकी आणि आंबटसर, हट्टीच म्हणा ना.

आता घराणं. गेल्या शतकाच्याही आधी मोन्ताल्चीनोचं नाव होतं ते मोस्कादेल्लो या गोड पांढऱ्या वाईनसाठी. क्लेमेंते सांती नावाचे औषधविक्रेते लाल वाईनवर प्रयोग करत होते. त्यांचा नातू फेर्रुच्चो बियोंदी-सांती तरुणपणी गॅरिबाल्डीच्या सैन्यात लढून आला आणि आजोबांच्या मळ्यात शिरला. त्याने सांजोवेझेच्या निवडक वेली वेगळ्या काढल्या, त्यात दुसरं द्राक्ष मिसळायचं नाही असं ठरवलं आणि वाईन वर्षानुवर्षं लाकडी पिंपात ठेवली. लोक लाल वाईन ताजी ताजी संपवत, त्या काळात हा म्हणजे वेडेपणाच. त्याची १८८८ ची रिझेर्वा (खास निवडीची, जास्त मुरवलेली वाईन) ही आजच्या अर्थाने पहिली ब्रुनेल्लो मानतात. त्याचा मुलगा तांक्रेदी. १९४४ मध्ये युद्धाची आघाडी गावाजवळ आली, तेव्हा याने जुन्या बाटल्यांपुढे भिंत बांधून घेतली. सैनिक आले, गेले, बाटल्या राहिल्या. १९६९ साली इटलीचे राष्ट्राध्यक्ष सारागात यांनी लंडनच्या इटालियन वकिलातीत राणी एलिझाबेथला १९५५ ची रिझेर्वा पाजली, त्यानंतर हे नाव जगभर झालं.

मग तांक्रेदीचा मुलगा फ्रांको. २०१३ मध्ये ९१ व्या वर्षी गेले. शेजारपाजारचे छोट्या नव्या फ्रेंच पिंपांकडे वळले तेव्हाही हे आपल्या स्लाव्होनियन ओकच्या अवाढव्य पिंपांना धरून बसले. पिंप मोठं की वाईनला लाकडाचा स्पर्श कमी, म्हणून व्हॅनिलाचा वास येत नाही. हवा मात्र हळूहळू मिळत राहते. मळेही उंचावर, चार-पाचशे मीटरवर, खडकाळ जमिनीत. द्राक्षात आंबटपणा टिकतो तो तिथे. वाईन टिकते ती या आंबटपणावर आणि तुरटपणावर. रिझेर्वासाठी पंचवीस वर्षांपुढच्याच वेली, त्याही सालात दम असेल तरच. तुमची साधी 'अन्नाता' आहे, म्हणजे दहा ते पंचवीस वर्षांच्या वेलींची. साधी म्हणजे कमी प्रतीची असं समजू नका. २००४ साल तर उत्तमच.

आता माझी फजिती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका टेबलावर ग्रेप्पोची बाटली गेली. मी ऐटीत उघडली, लगेच डिकॅन्टरमध्ये (वाईनला हवा लागावी म्हणून वापरायच्या रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत) ओतली, वर दोनदा गरगर फिरवली. पाहुण्याने घोट घेतला आणि म्हणाला, "आंबट आहे." मीही चाखली. खरंच लिंबासारखी, पातळ, तोंड आवळणारी. मालकाने त्या गृहस्थाला दुसरी बाटली दिली आणि मला मागे बोलावून जे काय सुनावलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. उरलेली वाईन रात्री दीड वाजता भांडी आवरताना सहज प्यालो. तीच का ही, असा प्रश्न पडला! वाळलेली चेरी, संत्र्याची साल, पावसात भिजलेल्या पाचोळ्याचा वास. दोष वाईनचा नव्हता, घाई माझी होती.

नंतर कळलं की फ्रांको स्वतःच सांगत: जेवणाच्या आठ तास आधी बूच काढा, खांद्यापर्यंत उतरेल इतकी वाईन काढून घ्या आणि बाटली तशीच उघडी ठेवा. डिकॅन्टर नको. तेवढंच करा.

नंतरबघू:
बूचवाला काका गोष्ट रंगवतात छान, पण थोडं पाणी घालतो. अर्धी किंमत नावाची आहे. २०१६ च्या अखेरीस मळा फ्रेंच ईपीआय समूहाकडे गेला, तेव्हा घराण्याच्या भावनिक कथा बाटलीत मोजू नयेत. मला मोन्ताल्चीनोच्या दक्षिण उतारावरच्या, जरा ऊबदार मळ्यांच्या, कमी आंबट ब्रुनेल्लो जास्त आवडतात. दहाव्या वर्षीच खुलतात, आठ तास तपश्चर्या नको. बाकी ताई, एकच बाटली आहे तर 'आणखी दहा वर्षं ठेवू' हा विचार करू नका. सिएनाच्या उन्हाळ्यात कपाट म्हणजे तळघर नव्हे.

बूचवाला:
कपाटाबद्दल मान्य. आंबटपणाबद्दल नाही. ;)

काडीमोड:
आधी दोन दिवस बाटली उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. वीस वर्षांचं बूच मधेच तुटतं, म्हणून दोन पात्यांचं ओपनर मिळालं तर आणा. ते बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून हळूहळू पिळत वर काढायचं. शेवटचे दोन बोटं वाईन बाटलीतच सोडा. बरोबर रानडुकराच्या मांसाचा रस्सा किंवा पिएन्झा गावचं मुरलेलं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. पिझ्झा मागवलात तर इथे येऊन सांगू नका.

अर्धाकप:
आठवड्याने लिहिते आहे. रविवारी दुपारी बारा वाजता बूच काढलं. खालचा तुकडा तुटला, पण बाहेर आला. पेलाभर काढून घेतली आणि तेव्हाच घोटभर चाखली. मनात म्हटलं, नंतरबघू बरोबर होते: आंबट आणि मुकी. चारला वास घेतला, ओल्या मातीखेरीज काही नाही. आठ वाजता पेकोरीनोबरोबर घेतली आणि आम्ही दोघं बराच वेळ बोललोच नाही. चेरी मला ओळखू आली, संत्र्याची साल नवऱ्याला. पाचोळा कुणालाच नाही. माफ करा काका. तुरटपणा आहे, पण जीभ ओरबाडत नाही.

रात्री आजींना फोन करून सांगितलं की तुमची बाटली उघडली. आवडली का वगैरे काही नाही, त्यांनी आधी विचारलं, "किती वाजता उघडलीस?"