काकानं पुतणी अमेरिकेत दत्तक न्यायची, तर नुसतं दत्तकपत्र पुरतं का?

गोदाकाठ (नांदेड):
आपल्याकडं घरातलं मूल घरात दत्तक देणं जुनंच आहे. भावाला मूल नाही, आपल्याला तीन, मग चार माणसांत दत्तकविधान करायचं आणि सब-रजिस्ट्रारकडं दत्तकपत्र नोंदवायचं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तेवढ्यावर दत्तक मानतोही. पण भाऊ अमेरिकेचा नागरिक असेल, तर आधी दत्तकपत्र करून टाकणं हा लेकरावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भारत २००३ पासून आणि अमेरिका २००८ पासून हेग कराराला, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, बांधील आहे. त्यामुळं आधी तिकडं भावाची पात्रता ठरते, मग इकडं 'कारा' म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत प्रस्ताव जातो. तिकडची प्राथमिक मंजुरी आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, त्यानंतर 'कारा'चं ना हरकत पत्र आणि व्हिसा. क्रम उलटा झाला की पोरगी कागदोपत्री काकाची लेक होते, पण राहते इथंच.

मांजराथडी (लातूर):
मला हे पटत नाही. आई-बाप जिवंत, काका सख्खा, कुणाची फसवणूक नाही. मग सरकारला मधे कशाला घ्यायचं? बाप कापूस वेचायचा सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणार, साहेब मीटिंगला गेलेत म्हणून परत येणार. तोवर पोरीची शाळेची वर्षं चाललीत. अनाथाश्रमातलं मूल परक्याला देताना चौकशी करा, ती करायलाच पाहिजे. घरच्या लेकराला तीच चाळण कशाला?

गोदाकाठ:
परदेशात गेलेल्या मुलाची विचारपूस करायला इथलं कुणी पोचत नाही, म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले, ते मुलांच्या काळजीपोटीच. आणि काका चांगलाच असेल हे आपण धरून चालतो.

वकीलताई (परभणी):
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली. 'कारा'ची ही वाट बाल न्याय कायद्याची, आणि त्यातले 'नातेवाईक' म्हणजे काका-आत्या, मामा-मावशी, आजी-आजोबा एवढेच. आपण चुलत भावाच्या मुलीलाही पुतणीच म्हणतो, पण या वाटेनं ती चुलत काकाला मिळत नाही. शिवाय मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती लागते. 'काकाकडं जायचं का?' असं विचारल्यावर सात वर्षांची पोर आधी आईच्या तोंडाकडं बघते, मग मान हलवते. ती मान कशासाठी हलली, हे कुणीतरी शांतपणे विचारायलाच हवं. नुसत्या दत्तकपत्रात तिला विचारतं कोण?

मांजराथडी:
संमतीचं मान्य, ताई. पण वेळेचं काय?

वकीलताई:
बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं आदेशाचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलं, ते उशीर टळावा म्हणूनच. कायद्यात दोन महिन्यांची मुदत आहे. ती पाळली जात नसेल तर तुमचा राग रास्त आहे, पण तो मुदत मोडणाऱ्यावर काढा, चौकशीवर नको.

उदगीरकर:
आमच्याकडची बरीच पोरं एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे अमेरिकेत नोकरीपुरत्या परवान्यावर आहेत. त्यांना ही वाट नाहीच, कारण तिकडचा हेगचा अर्ज फक्त अमेरिकी नागरिकाला करता येतो. व्हिसावरच्या पालकाला दत्तक मूल सोबत न्यायचं तर दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं दाखवावं लागतं. भावकीत शब्द देण्याआधी हे विचारा, नंतर नाती तुटायलीत.

गोदाकाठ:
आणि नागरिकत्व! दत्तक पूर्ण करून, अठराच्या आत, नागरिक पालकासोबत राहायला गेलेलं मूल तिथं पोचताच नागरिक होतं. पण हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासूनचा. त्या दिवशी अठरा ओलांडलेल्यांना त्याचा लाभ मिळाला नाही. त्यांच्यातल्या काहींना, सगळं आयुष्य अमेरिकेत गेल्यावर, हद्दपार केलं गेलं. का, तर पालकांनी त्यांच्या नागरिकत्वाचं काम पुरं केलं नव्हतं.

मांजराथडी:
तसं असेल तर कागद पुरे व्हायलाच पाहिजेत. पण माझी मागणी सोडत नाही. हे कागद बघणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस महिन्यातून एकदा तालुक्याला बसवा. शेतकऱ्यानं दर सहीसाठी लातूर गाठायचं, हे मला मान्य नाही.

वकीलताई:
याला माझा पाठिंबा. निवेदन लिहा, सही करते.