पॉलिफेनिझमला ‘बहुरूपता’ म्हणून चालेल का?

रानपाखरू
आमच्या गावच्या शाळेसाठी फुलपाखरांचे फलक लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. पॉलिफेनिझम. जनुकं तीच, पण वाढीच्या वयात मिळालेल्या ऊब-थंडीप्रमाणे, अन्नाप्रमाणे किंवा गर्दीप्रमाणे जीव वेगवेगळं ठरावीक रूप घेतो, त्याला हा शब्द आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्या १९६३च्या ग्रंथात तो आहे, तरी जीवशास्त्राबाहेर फारसा कुणाच्या कानावर नाही. मराठीत सरसकट ‘बहुरूपता’ लिहितात. ते मला चूक वाटतं.

सप्टेंबरात भाताच्या खाचरातून इव्हनिंग ब्राऊनची अळी आणली होती. हिरवीगार, डोक्यावर दोन शिंगं. तिचं जे फुलपाखरू झालं, त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळं होती. डिसेंबरात ओढ्याकाठच्या गवतावरून आणलेल्या अळीचं झालं ते थेट वाळकं पान! डोळ्यांच्या जागी जेमतेम ठिपके. पावसाळ्यातलं रूप आणि कोरड्या दिवसांतलं रूप.

आता कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी घ्या. तिची तीन रूपं. एक नरासारखं, एक कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल, एक क्रिमझन रोझ या तिसऱ्याची. ती जनुकानंच ठरतात. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली त्यामागचं ‘डबलसेक्स’ जनुक दाखवून दिलं. ही अळी थंडीत वाढवा नाहीतर उन्हाळ्यात, रूप तेच येणार. ती खरी बहुरूपता. दोन्हीकडे एकच शब्द लिहिला तर मुलं शिकणार काय?

जुनाफळा
ताई, तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नवा शब्द आला की मुलं तो पाठ करतात आणि मागची गोष्ट सुटते. ‘बहुरूपता’ ऐकल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर दारात आलेला बहुरूपी उभा राहतो, अर्थ निम्मा तिथंच कळतो. पुढे ‘ऋतूनुसार’ किंवा ‘जनुकानुसार’ जोडा. काम झालं.

रानपाखरू
सर, त्या बहुरूप्यामुळेच तर घोटाळा होतो. तो सकाळी पोलीस, संध्याकाळी साधू. माझ्या इव्हनिंग ब्राऊनला एकदा कोशातून बाहेर आल्यावर रूप बदलता येत नाही. जे ठरायचं ते आधीच ठरून गेलेलं असतं.

टोळधाड२०२०
रूप एकदा ठरलं की बदलत नाही, हे फुलपाखरापुरतं खरं, पण टोळांना लागू नाही. मे २०२०मध्ये अमरावती-नागपूरकडे वाळवंटी टोळ उतरले, तेव्हा आमच्या काटोलच्या संत्र्यांची काळजी घरादाराला लागली होती. हाच टोळ एकटा असला की गर्दीपासून लांब राहतो. दाटी झाली, मागच्या पायांना सतत दुसऱ्यांचा स्पर्श होऊ लागला, की काही तासांत त्याची वागणूक पालटते. रंग नंतर बदलतो. गर्दी मोडली की तो परत फिरूही शकतो. कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव यांनी १९२१ साली सांगेपर्यंत स्थलांतरी टोळ या दुसऱ्या एका टोळाची अशी दोन रूपं दोन वेगळ्या जाती धरली जात होती. म्हणून मी ताईंच्या बाजूनं. शब्द वेगळा नसला की माणसं जातीच वेगळ्या करून ठेवतात.

शब्दनिष्ठ
मी दोघांच्याही विरोधात आहे. पॉलिफेनिझमच लिहा, देवनागरीत. ऑक्सिजन लिहितोच ना आपण? ‘बहुरूपता’ खनिजवाल्यांनी कधीच घेतलाय. कॅल्साइट आणि अरॅगोनाइट, रसायन एकच, स्फटिकाची रचना वेगळी. संगणकवालेही तोच शब्द वापरतात. आणि ‘ऋतुरूपता’ सुचवायला कुणी येईल, त्याला आधीच विचारतो : मधमाशीची राणी कुठल्या ऋतूत होते? तिला अळीपणी खाऊ काय घातला, यावर ती राणी की कामकरी हे ठरतं.

जुनाफळा
शिवाय जनुक आणि परिस्थिती अशी भिंत निसर्गात नाही. २००६ साली सुझुकी आणि नायहाउट यांनी तंबाखूवरच्या शिंगअळीच्या काळ्या वाणाला उष्णतेचा झटका दिला. ज्या हिरवट झाल्या, त्यांचीच पैदास करत गेले. तेरा पिढ्यांत असा वाण तयार झाला, जो थंडीत काळा आणि उष्णतेत हिरवा होतो. म्हणजे बदलण्याची ताकदही जनुकातच की!

रानपाखरू
बरोबर सर, ताकद जनुकातली. पण रूप कुठलं, ते ठरवलं उष्णतेनं. मला नेमकं तेवढंच वेगळं सांगायचंय. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली पीकॉक पॅन्सी या फुलपाखराच्या दोन ऋतूंतल्या रूपांना ‘अल्माना’ आणि ‘अ‍ॅस्टेरी’ अशी दोन नावं दिली, दोन जाती समजून. शाळेतल्या मुलीनं आज वहीत तेच केलं तर चूक आपली आहे.

बांधावरचा
मी शेतकरी. शास्त्राचा शब्द ठाऊक नाही, पण मावा रोज बघतो. कोवळ्या शेंड्यावर बिनपंखी मावा असतो. दाटी झाली, शेंडा सुकायला लागला, की त्यांच्यातच पंखवाले निघतात आणि शेजारच्या वावरात जातात. पंखवाले दिसले की आम्ही समजतो, आता पसरणार. काय बघून काय झालं तेवढं लिहा ताई, पोरांना कळेल.

रानपाखरू
दादा, हे मनापासून पटलं. ‘ऋतुरूपता’ माझ्या मनात होतीच, पण मधमाशीपुढे ती टिकत नाही. ‘परिस्थितिरूपता’ लिहितेय आणि खाली : “ही दोन्ही फुलपाखरं एकाच जातीची आहेत. अळी असताना ऊब मिळाली की पंखांवर डोळ्यांसारखी वर्तुळं येतात, थंडी मिळाली की वाळक्या पानाचं रूप येतं.” कंसात देवनागरीत पॉलिफेनिझम.

जुनाफळा
शब्द मला अजून जडच वाटतो. खालची वाक्यं मात्र उत्तम. ‘अळी असताना’ तेवढं ठळक करा, आणि शेजारी दोन्ही पंखांची खालची बाजू दिसेल असे फोटो लावा.