मदत हवी आहे: नोशनमध्ये तारखेचा फिल्टर लावला की बिनतारखेची कामं गायब

नमस्कार मंडळी,
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. ऑर्डरींचा हिशोब वहीतून नोशन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपवर आणलाय. डेटाबेस एकच, त्यात विभाग (डाइंग, विणकाम, शिलाई, पॅकिंग), स्टेटस, मुदत आणि जबाबदार व्यक्ती असे रकाने. सगळं एकत्र दिसतं, त्यामुळे डाइंगवाल्याला पॅकिंगची यादी सरकवत बसावं लागतं.

मला एका व्ह्यूत (म्हणजे डेटाबेसमधून गाळून दिसणाऱ्या यादीत) एवढंच हवंय: विभाग डाइंग किंवा विणकाम, स्टेटस 'पूर्ण' नाही, आणि मुदत येत्या आठवड्यातली किंवा रिकामी. सूत हातात आल्याशिवाय आम्ही मुदत टाकतच नाही, आणि डोळ्यासमोर हवीत नेमकी तीच कामं! तारखेची अट घातली की ती उडतात. 'मुदत रिकामी' ही अट सरळ 'ऑर'ने जोडली, तर पूर्ण झालेल्या जुन्या ऑर्डरीही हजर.

अ‍ॅडव्हान्स्ड फिल्टरमध्ये तारखेच्या दोन अटींचा वेगळा गट करून आत 'ऑर', बाहेर 'अँड' ठेवायचा, असं वाटतंय. बरोबर आहे का? कुणी केलं असेल तर स्क्रीनशॉट टाका.

आणखी एक. ऑफिसात जबाबदार व्यक्तीच्या जागी 'मी' निवडून सगळ्यांना एकच व्ह्यू चालेल. पण मागांजवळ सगळ्यांत मिळून एकच टॅब्लेट, एकच लॉगिन. तिथे 'मी' म्हणजे नक्की कोण? तिथे विभागवार व्ह्यू करून ठेवावेत का? फिल्टर कुणी चुकून बदलला तर 'सेव्ह फॉर एव्हरीवन' (बदल सगळ्यांसाठी कायम करणारं बटण) दाबू नका, एवढं पोरांना सांगून ठेवलंय.