नवं टपाल संग्रहालय: मुख्य दालन तिकिटांचं की पत्रांचं?

धागाकर्ता: टपालाचा इतिहास आणि तिकीटसंग्रह यांचं नवं संग्रहालय आखताना मुख्य दालन पत्रांना द्यावं, सुट्या तिकिटांना नाही, असं माझं ठाम मत आहे. १८४०पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे, आणि बहुधा पत्र घेणाराच तो भरी. म्हणून लोक एकाच कागदावर आडवं लिहून झालं की कागद फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहीत. असं एक पत्र समोर ठेवा. ब्रिटिश टपालसुधारक रोलंड हिल यांच्या स्वस्त, एकसमान दराची गरज का पडली, ते लगेच कळतं. पेनी ब्लॅकची, म्हणजे १८४०च्या त्या पहिल्या काळ्या टपाल तिकिटाची, नुसती रांग लावून कसं कळणार?

तिकीटप्रेमी: साफ असहमत. पेनी ब्लॅकवरचा लाल शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येई, म्हणून १८४१मध्ये तिकीट तांबडं आणि शिक्का काळा झाला. दोन तिकिटं शेजारी ठेवा, अख्खी गोष्ट दिसते. ब्रिटिश गयानाचं १८५६चं एक सेंटचं किरमिजी तिकीट तर कोपरे कापलेलं, पाकिटावेगळं. तरी जगात ज्ञात असं ते एकच. दुर्मिळ तिकिटं आत ढकलली तर संग्राहक फिरकणार नाहीत, आणि संग्रह दान करणारे तेच असतात.

धागाकर्ता: शिक्क्याचा मुद्दा मान्य. पण मॉरिशसची १८४७ची एक पेनी आणि दोन पेन्सची तिकिटं एकत्र असलेलं, फ्रान्समधल्या बोर्दोला गेलेलं पाकीट घ्या. तिकिटं सोडवली असती तर पत्ता, शिक्के, प्रवास सगळंच गेलं असतं. दान घेतानाच ठरवा: पाकिटावरचं तिकीट भिजवून काढायचं नाही.

कागदजपणूक: भिंतीवर काय लावायचं यावर वाद घालताय, पण मूळ वस्तू कायम भिंतीवर लावूच नयेत. १८८३-८४ची ब्रिटिश तिकिटं पुनर्वापर टळावा म्हणून मुद्दाम कच्च्या शाईत छापली. त्यांतला हिरवा पाणी लागताच उतरतो. उजेड मंद, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास हवा, आणि ओढून बघायच्या चौकटी हव्यात. पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं तिकिटं खराब करतात, ती तर आजच बाद करा.

तिकीटप्रेमी: चौकटी चालतील. मुख्य दालनाचा हट्ट मात्र सोडत नाही. आणि संग्राहकाने छटा, छिद्रण (कडेची भोकं), जलचिन्ह (कागदातली खूण) यांच्या टिपा हाताने लिहून लावलेली पानं मोडून तिकिटं देशवार लावू नका. पान आहे तसंच ठेवा.

धागाकर्ता: पानांबद्दल शंभर टक्के सहमत. दालनाबद्दल अजूनही नाही.